खेळाडू घडवताना मानसशास्त्राची कोणती वाट धरावी?

मध्यपाटी (१७ जून)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि गेली अकरा वर्षे मुलींच्या खो-खो संघाला प्रशिक्षण देतो. मुलींच्या पायांना वळण कसे लावायचे हे मला ठाऊक आहे, पण मनाचे काय करायचे हे उमजत नव्हते. म्हणून गेल्या वर्षापासून पुण्यात शनिवार-रविवारी भरणाऱ्या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला जातो आहे. तिथे वेगळीच अडचण उभी राहिली आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचे विचार शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की सल्ला देऊ नका, समोरच्याला विनाअट स्वीकारा, त्याची वाट तोच शोधेल. पुढच्या महिन्यात वर्तनवाद आला आणि आम्ही शिकलो की योग्य वर्तनाला लगेच बक्षीस मिळाले की ते वर्तन टिकते. मग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आले आणि कळले की दुखण्याचे मूळ घटनेत नसून तिच्याविषयीच्या समजुतीत असते. आता शेवटच्या सत्रात सांगतात की मूळ शोधण्याची गरजच नाही, उत्तराकडे चला.

माझ्या संघात नववीतील एक मुलगी आहे. सरावात ती संरक्षणाला उतरली की अडीच-तीन मिनिटे कोणाच्या हाती लागत नाही. सामन्यात मात्र चाळीस-पन्नास सेकंदांत बाद होते. मी कौतुक करून पाहिले, रागावून पाहिले, पहिल्या तुकडीतून काढून तिसऱ्या तुकडीत घातले, तरी फरक पडला नाही. माझे दोन प्रश्न आहेत. माझ्यासारख्या माणसाने एकच विचारप्रणाली खोलवर शिकावी की सगळ्या थोड्या थोड्या शिकाव्यात? आणि या मुलीच्या बाबतीत सुरुवात कुठून करावी?

निरंजना

मध्यपाटी सर, मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते आणि माझा पाया एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आहे. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांचे ऋण ते उघडपणे मान्य करत. आपल्याकडे ती रुजवण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा फार मोठा वाटा आहे, त्यामुळे मराठीत तिची परिभाषा चांगली घडलेली आहे.

तुमच्या खेळाडूच्या मनात ‘मी टिकलेच पाहिजे’ असे वाक्य असण्याची दाट शक्यता मला वाटते. एलिस ज्याला हट्टी मागणी म्हणत, ती आपल्या भाषेत एका ‘च’ मध्ये मावते. ‘मला टिकायचे आहे’ ही इच्छा आहे आणि ती माणसाला बळ देते. ‘मी टिकलेच पाहिजे, नाहीतर माझी काही किंमत नाही’ हा हुकूम आहे आणि त्याच्या दडपणाखाली पाय जड होतात. इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण नवशिके बहुधा तिथेच चुकतात. एलिस इच्छा कमी करायला सांगत नाहीत. ‘हरलो तरी काय बिघडले’ असे मुलीला सांगू नका, कारण हरले तर वाईट वाटणारच आणि ते योग्यच आहे. फक्त त्या हरण्यावरून स्वतःचे मूल्य ठरवायचे नाही, एवढेच तिच्यासोबत बसून हळूहळू तपासायचे.

शिवाजी पार्क

मी तरुणपणी शिवाजी पार्कच्या मैदानावर क्रिकेट खेळलो आहे आणि रमाकांत आचरेकर सरांचे काम दुरून का होईना, पाहिले आहे. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, गोलंदाजांना सांगायचे की जो सचिनला बाद करेल त्याला ते मिळेल आणि कोणीच बाद करू शकले नाही तर ते सचिनचे, ही गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. दिवसाच्या शेवटी, अंग थकलेले असताना हा खेळ चाले. सचिनने मिळवलेली तशी १३ नाणी जपून ठेवली. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना तो म्हणाला होता की गेल्या २९ वर्षांत सरांनी मला एकदाही ‘चांगला खेळलास’ असे म्हटले नाही, कारण मी सैलावेन अशी त्यांना काळजी होती.

सरांच्या हाती यांतले एकही पुस्तक कधी होते असे मला वाटत नाही. माझे प्रांजळ मत असे की मैदानावर अनुभव आणि शिस्त हेच मानसशास्त्र असते. मध्यपाटी सरांनी मुलीला सरावातच अधिक दडपण द्यावे, म्हणजे सामन्यात ते नवे वाटणार नाही.

अस्मिता को

शिवाजी पार्क काका, तुमच्याविषयी आदर ठेवून असहमती नोंदवते. आचरेकर सरांनी पुस्तक वाचले नसेल, तरी त्या नाण्यात बक्षिसाचा सिद्धांत आहेच. प्रश्न असा आहे की ते नाणे नेमके काय करत होते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सोमा नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले होते आणि ते त्यांना मनापासून आवडत होते. मधल्या सत्रात काहींना सोडवलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला. पुढच्या सत्रात पैसे बंद झाले तेव्हा हे विद्यार्थी मोकळ्या वेळेत त्या कोड्याकडे पूर्वीइतके वळेनात. मात्र पैशांऐवजी शाबासकी मिळालेल्यांची ओढ टिकली. पुढे १९९९ मध्ये डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. ठरावीक काम केल्याबद्दल आधी कबूल केलेले बक्षीस आतली ओढ कमी करते, हा निष्कर्ष त्यातही टिकला. त्यांच्या मते बक्षिसाला दोन अंगे असतात. एका अंगाने ते माणसाला ताब्यात ठेवते आणि दुसऱ्या अंगाने ‘तुला हे जमते’ अशी माहिती देते. पहिले अंग वरचढ झाले की ओढ आटते, दुसरे वरचढ झाले की वाढते.

आता नाण्याकडे पुन्हा पाहा. एक रुपयासाठी कोणी तासभर फलंदाजी करत नाही. ते नाणे म्हणजे ‘एवढे सगळे मिळूनही तुला बाद करू शकले नाहीत’ ही माहिती होती. म्हणूनच ते जपून ठेवावेसे वाटले. त्यामुळे मध्यपाटी सरांच्या शाळेत उद्या कोणी ‘दोन मिनिटे टिकलीस तर शंभर रुपये’ असे जाहीर केले, तर ते आचरेकर सरांचे अनुकरण होणार नाही.

कौतुक टाळण्याचा उपायही प्रत्येकाला लागू पडेल असे मी मानत नाही. ज्या मुलाला गुरूचे आपल्यावर लक्ष आहे याची खात्री आहे, तो मौनातही विश्वास वाचतो. ज्याला ती खात्री नाही, तो त्याच मौनात नापसंती वाचतो.

शिवाजी पार्क

अस्मिता, नाण्याविषयीचा तुमचा खुलासा मला पटला. मौनाविषयी विचार करतो आहे. सरांचे लक्ष असल्याची खात्री आम्हा बाकीच्या मुलांना नव्हती, हे खरे आहे.

सोनचाफा

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समाजसेविका आहे. आमच्याकडे प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत वापरतात. विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत १९९१ मध्ये पुस्तकरूपाने विस्तारली. तिचा जन्म दारूच्या व्यसनावरील कामातून झाला असला, तरी तिच्यातील एक गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाने शिकावी असे मला कळकळीने वाटते.

समोरच्याची चूक दिसली की ती ताबडतोब दुरुस्त करण्याची ऊर्मी आपल्या सगळ्यांना येते. सुरुवातीच्या काळात मी एका चाळिशीच्या गृहस्थांना दारू सोडण्याची तीन कारणे सांगितली, तर त्यांनी मला न सोडण्याची तीन कारणे सांगितली. मी आणखी दोन दिली, त्यांनीही आणखी दोन दिली. त्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू होत्या. मी एक बाजू माझ्याकडे ओढून घेतल्यामुळे दुसरी बाजू मांडण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले आणि स्वतःचेच बोलणे ऐकून ते अधिक ठाम होत गेले. बदलाची कारणे त्यांच्या तोंडून यायला हवी होती. त्यासाठी मला गप्प बसायला, मोकळे प्रश्न विचारायला आणि त्यांचे म्हणणे त्यांनाच परत ऐकवायला शिकावे लागले, आणि हे शिकायला मला दोन वर्षे लागली.

निरंजना ताई, तुमच्या पद्धतीविषयी मला आदर आहे, पण मुलीच्या मनात अमुक वाक्य असेल असे आपण इथे बसून ठरवणे मला घाईचे वाटते.

घाटवाट

सर, मैदानात उतरल्यावर तिच्या मनात काय येते, हे तिला कोणी विचारले आहे का?

मध्यपाटी

घाटवाट, तुमचा एका ओळीचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. मी तिला ‘काय झाले तुला?’ असे अनेकदा विचारले आहे, पण ते नेहमी ती बाद होऊन बाहेर आल्याबरोबर आणि सगळ्या संघासमोर. त्याला विचारणे म्हणता येणार नाही.

सिडनीकर

मी मूळचा सांगलीचा आणि गेली पंधरा वर्षे सिडनीत आहे. कंपन्यांतील व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणे हा माझा व्यवसाय आहे. आपल्याकडे ‘कोचिंग’ या शब्दावरून दहावी-बारावीचे वर्ग आठवतात, पण या धाग्यात ज्याची चर्चा चालली आहे ती ज्ञानशाखा म्हणून विद्यापीठात अगदी अलीकडे आली. सिडनी विद्यापीठात अँथनी ग्रँट यांनी २००० साली प्रशिक्षणाच्या मानसशास्त्राचा जगातील पहिला विभाग सुरू केला. आमच्या अभ्यासात याच सगळ्या प्रणाली शेजारी शेजारी होत्या आणि मध्यपाटी सरांना आज पडलेला प्रश्न आम्हा सर्वांना पडला होता.

या विषयाचा एक उगम खेळातच आहे, हे सरांना आवडेल. टिमथी गॅलवे या टेनिस प्रशिक्षकाने १९७४ मध्ये मांडले की जाळीपलीकडच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा डोक्यातला प्रतिस्पर्धी अवघड असतो. सूचनांचा भडिमार करण्याऐवजी तो विद्यार्थ्याला सांगे की चेंडूने टप्पा घेतला की ‘टप्पा’ म्हण आणि रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हण. एवढ्याने लक्ष चेंडूवर राही आणि स्वतःला रागावणारा आवाज शांत होई. पुढे जॉन व्हिटमोर यांनी हा विचार ब्रिटनमध्ये नेला आणि त्यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची प्रश्नमालिका जगभर गेली.

मुलीबाबत मी उत्तरकेंद्री पद्धतीचे दोन प्रश्न सुचवेन. ही पद्धत मिलवॉकी येथे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी विकसित केली. पहिला प्रश्न असा: ‘असा एखादा सामना आठवतो का, ज्यात तू नेहमीपेक्षा थोडी जास्त टिकलीस? त्या दिवशी काय वेगळे होते?’ दुसरा: ‘शून्य ते दहा या पट्टीवर सामन्यातला आत्मविश्वास आज कितीवर आहे?’ ती तीन म्हणाली, तर ‘दहा का नाही’ असे विचारायचे नाही. ‘शून्य का नाही, तीन कशामुळे?’ असे विचारायचे. उत्तरात तिच्याजवळ आधीच असलेली शिदोरी बाहेर येते.

अपर्णा द

वरील सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. एका मुद्द्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही म्हणून लिहिते आहे. मी विद्यार्थिदशेत राज्य पातळीवर कबड्डी खेळले आहे.

समुपदेशनातून माणसात बदल घडावा यासाठी रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अटींमध्ये विनाअट स्वीकार, समानुभूती आणि सच्चेपणा या तिन्ही आहेत. समुपदेशक हे देऊ शकतो, कारण त्याला समोरच्या माणसाची निवड करायची नसते. प्रशिक्षकाला मात्र संघ निवडायचा असतो. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार हे ज्याच्या हाती आहे, त्याला मुलगी मनातले सगळे सांगेल अशी अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय आहे. ‘मला भीती वाटते’ असे मी एकदा आमच्या प्रशिक्षकांना विश्वासाने सांगितले होते आणि पुढच्या सामन्यात मला राखीव बसवले. त्यांचा हेतू कदाचित मला विश्रांती देण्याचा असेल, पण त्यानंतर मी कधीही काही सांगितले नाही. आज वीस वर्षांनंतरही ते बाक मला आठवते.

म्हणून सर, विचारण्यापूर्वी तिला स्पष्ट सांगा की तिच्या उत्तराचा निवडीशी संबंध नाही, आणि तो शब्द पाळा. तिची झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, घरी काही घडत असेल, तर ते काम आपले नाही. तेव्हा तिला तज्ज्ञाकडे पोचवणे एवढेच आपले काम. तुमच्या अभ्यासक्रमाने ही सीमा शिकवली असेल, तर तो सार्थकी लागला असे मी म्हणेन.

निरंजना

अपर्णा, तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे. सोनचाफा, तुमची सूचनाही मान्य करते. मी न पाहिलेल्या मुलीविषयी अंदाज बांधला होता.

फळा-खडू

मी शिक्षणशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. आतापर्यंतची सारी चर्चा खेळाडूच्या मनाविषयी झाली. प्रशिक्षकाच्या तोंडून प्रत्यक्षात काय बाहेर पडते, याकडेही पाहावे.

रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात लॉस एंजेलिसमध्ये बास्केटबॉलचे ख्यातनाम प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या १५ सरावसत्रांत बसून त्यांच्या बोलण्याची नोंद केली. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक शुद्ध सूचना होत्या, म्हणजे काय करायचे आणि कसे करायचे. नुसते कौतुक आणि नुसती खरडपट्टी यांचे प्रमाण प्रत्येकी सात टक्क्यांहून कमी होते. चूक झाली की ते योग्य कृती करून दाखवत, मग खेळाडूने केलेली चुकीची कृती आणि पुन्हा योग्य कृती, आणि हे सगळे काही सेकंदांत उरकत असे. कौतुक करावे की रागवावे हा आपला नेहमीचा वाद आहे, पण त्या मैदानावर या दोन्हींना फार थोडी जागा होती.

दुसरे काम सिएटल येथील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांचे आहे. मुलांच्या बेसबॉल संघांवर त्यांनी १९७० च्या दशकात संशोधन केले. प्रशिक्षकांच्या वर्तनाची मैदानावर नोंद घेतली, मग प्रशिक्षकांना आणि मुलांना वेगवेगळे विचारले. प्रत्यक्ष नोंदींशी मुलांची उत्तरे अधिक जुळली. आपण काय आणि किती वेळा बोलतो हे प्रशिक्षकांना स्वतःला नीट माहीत नव्हते. पुढे ज्या प्रशिक्षकांना चुकीनंतर धीर देऊन तांत्रिक सूचना करण्याचे प्रशिक्षण दिले, त्यांच्या संघांतील मुलांना ते अधिक आवडू लागले, आणि स्वतःविषयी कमी मत असलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ झाला.

मध्यपाटी, एक सत्र कोणाकडून तरी नोंदवून घ्या.

मध्यपाटी (९ ऑगस्ट)

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. अपर्णा ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी त्या मुलीला आधी निवडीविषयी शब्द दिला. पुढच्या दोन सामन्यांत ती पहिल्या तुकडीतच असेल असे वहीत लिहून तिच्यासमोर सही केली. मग शाळा सुटल्यावर, तिच्या मैत्रिणीला सोबत घेऊन, मैदानाच्या कडेला बसून विचारले. सोनचाफा ताईंची आठवण ठेवून मी मधे बोललो नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. सिडनीकरांचा पहिला प्रश्न विचारला, तेव्हा तिने लगेच एक सामना सांगितला. त्यात ती दोन मिनिटांहून अधिक टिकली होती. त्या दिवशी काय वेगळे होते, असे विचारल्यावर म्हणाली, “सर, त्या दिवशी तुमचा घसा बसला होता.”

मी संरक्षण चालू असताना बाजूने वेळ ओरडून सांगतो. ‘तीस झाले, चाळीस झाले, अजून टिक!’ असे माझे सतत चालू असते. तिचे म्हणणे असे की सरावात ती फक्त पाठलाग करणाऱ्या मुलीच्या खांद्याकडे पाहते, कारण वळण्याआधी खांदा हलतो. सामन्यात आकडा कानावर पडला की डोळे खांद्यावरून सुटतात आणि मनात उरलेल्या सेकंदांचा हिशेब सुरू होतो. अकरा वर्षे मी हे मुलींना धीर मिळावा म्हणून करत होतो.

गेल्या आठवड्यातील सामन्यात मी एकही आकडा उच्चारला नाही. ती एक मिनिट पन्नास सेकंद टिकली.

सिडनीकर

सर, खांदा पाहणे म्हणजे गॅलवे यांचा ‘टप्पा, फटका’ आहे, आणि तो तिने स्वतः शोधलेला आहे. तिला हे अवश्य सांगा.

अपर्णा द

फार आनंद झाला. तरी एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका, आणखी पाच-सहा सामने पाहा. सही केलेली वही जपून ठेवा.

निरंजना

मी ‘च’ तिच्या मनात शोधत होते आणि तो बाजूने ओरडला जात होता. सर, हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पालकांशी बोलताना मला हे उदाहरण उपयोगी पडणार आहे आणि आपली हरकत नसेल तर ते नाव न घेता वापरेन. आपल्या पहिल्या प्रश्नाविषयीही माझे मत आता बदलले आहे. आपण एलिसच निवडावेत असे सुचवण्याचा माझा मानस होता. आता वाटते की पहिले वर्षभर तुम्ही ऐकणे शिकावे, म्हणजे रॉजर्स आणि सोनचाफा यांची पद्धत, आणि त्याचा सराव पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावा. बाकीच्या प्रणालींची ओळख असू द्यावी, कारण अडचण समजुतीत आहे, नात्यात आहे की परिस्थितीत आहे, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि कळल्यावर कुठे बोट ठेवायचे यासाठी त्यांची नावे माहीत असावी लागतात.

शिवाजी पार्क

सरावात दडपण वाढवा, असा सल्ला मी दिला होता. तो पाळला असता तर आपण सरावातही आकडे ओरडू लागला असता आणि मुलीला मोकळेपणाने खेळायला उरलेली जागाही गेली असती. तो सल्ला मी मागे घेतो.

मध्यपाटी

निरंजना ताई, उदाहरण अवश्य वापरा. अभ्यासक्रमात पुढच्या सहामाहीसाठी एक विषय निवडायचा होता, तिथे मी व्यक्तिकेंद्री समुपदेशन, म्हणजे रॉजर्स यांची पद्धत, लिहून दिले आहे.

फळा-खडू सर, आपण सांगितलेली नोंदही काल झाली. घोटा दुखावल्यामुळे बाहेर बसलेल्या दहावीच्या दोन मुलींना मी पाच रकान्यांचा कागद दिला. चाळीस मिनिटांत मी ११२ वेळा बोललो. त्यांत काय करायचे हे सांगणारी वाक्ये ३४ होती. ‘अगं काय करतेस’ हे एकच वाक्य २७ वेळा आले आहे. मुलींनी त्यासाठी सहावा रकाना स्वतःहून आखला होता. पुढचा कागद येत्या शनिवारी इथे देतो.